बँडचे वादन टिपायचे, तर आधी आवाज सांभाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरवणुकांतील डीजेच्या गोंगाटाबद्दल सोलापुरात दर वर्षी उत्सवांच्या आणि जयंत्यांच्या आसपास पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आपल्या शहरात अजूनही वाजणारी बँडपथके, लेझमीच्या ताफ्यांबरोबरच्या हलग्या आणि रंगमंचावरचे वाद्यवृंद यांचे प्रत्यक्ष वादन नंतर नीट ऐकता येईल अशा स्वरूपात जवळजवळ कोणीच टिपून ठेवत नाही. चित्रण होते, आणि भरपूर होते. मिरवणुकीत हात उंचावून मोबाइल न धरलेला माणूस शोधावा लागतो. पण घरी येऊन ते चित्रण ऐकायला बसावे तर वादनाऐवजी नुसता कल्ला कानी पडतो. चांगले मायक्रोफोन असलेले, खिशात किंवा खांद्यावरच्या पिशवीत मावणारे व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात येऊन बरीच वर्षे झाली. तरीही आपल्याकडे ही स्थिती का राहावी, आणि ती बदलायची तर काय करावे लागेल, याबद्दल हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

सोलापूरच्या बँडवाल्यांना जे करावे लागते ते फार थोड्या शहरांतील वादकांना करावे लागत असेल. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी वळणाची उर्दू अशा चार भाषा ज्या गावात एकाच गल्लीत ऐकू येतात, तेथे बँडलाही चारही भाषा वाजवाव्या लागतात. दाट लग्नतिथीला सकाळी पूर्वभागातील तेलुगू घरची वरात, दुपारी कन्नड घरचे लग्न आणि रात्री मराठी घरची मिरवणूक अशा सुपाऱ्या घेतलेले पथक प्रत्येक दारात त्या घराला ओळखीच्या चाली वाजवते. या चाली सहसा कागदावर नसतात. बँडमास्तरच्या कानात आणि बोटांत त्या असतात, आणि शेजारी उभा राहून वाजवणारा पोरगा त्या ऐकून उचलतो. जानेवारीत श्री सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात आणि बाराबंदी घातलेले मानकरी ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला चालू लागतात, तेव्हा हलगीचा जो ठेका लागतो तो ऐकून जुना माणूस डोळे मिटूनही सांगेल की ही गड्ड्याची, म्हणजे याच सिद्धरामेश्वर यात्रेची, मिरवणूक आहे. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाचा नाद पुन्हा वेगळा. हे सगळे ज्यांच्या हातात आहे ती माणसे आता थकत चालली आहेत. मुले दुसऱ्या कामाधंद्याला लागली, सुपाऱ्या कमी झाल्या, आणि जी चाल चार-पाच हंगामांत कोणी मागितली नाही ती पथकाच्या सरावातून गळून जाते. ती पुन्हा ऐकायची म्हटली तर आज आपल्याकडे काहीही साधन नाही.

मोबाइल प्रत्येकाच्या हातात असताना वेगळा रेकॉर्डर कशाला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर मोबाइलच्या घडणीतच आहे. त्यातील मायक्रोफोन आणि त्यामागची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. समोरचा हळू बोलला तर आवाज वाढवायचा, ओरडला तर दाबायचा, हे काम ती क्षणोक्षणी आपणहून करते. संभाषणाला ही सोय उपकारक असली तरी बँडच्या बाबतीत तिने सगळा घात होतो. मोठ्या ढोलावर टोला पडला की यंत्रणा एकदम आवाज खाली ओढते, त्याबरोबर क्लॅरनेटचा सूरही बुडतो, आणि तो वर येतो न येतो तोच पुढचा टोला पडतो. ऐकणाऱ्याला वाटते की वादकाचा दम तुटतो आहे. प्रत्यक्षात त्या माणसाने एका श्वासात लांबलचक ओळ अखंड वाजवलेली असते. शिवाय खुळखुळा, झांज, ताशाची बारीक थरथर यांना ही यंत्रणा नको असलेली खरखर समजून पुसून टाकू पाहते. पुढे तेच चित्रण व्हॉट्सअॅपवरून पाठवले गेले की ते आणखी आकसते, आणि शेवटच्या माणसाच्या हाती जे पोहोचते त्यावरून पथक चांगले होते की वाईट हे ठरवणेसुद्धा अन्यायाचे होते. काही नव्या मोबाइलांत ही आपोआप होणारी उघडझाप बंद करण्याची सोय असलेले ॲप घालता येते, आणि बाहेरून मायक्रोफोनही जोडता येतो. ज्यांना वेगळे यंत्र परवडत नाही त्यांनी निदान तेवढे करावे.

लग्नाच्या चित्रणाची गत तर याहून वाईट आहे, कारण तेथे चांगला कॅमेरा आणि पगारी माणूस असूनही बँडचा आवाज हेतुपुरस्सर काढून टाकला जातो. आमच्या नात्यातील एका लग्नात मंडपाच्या दाराशी पथकातील वयस्क क्लॅरनेटवाल्याने एका कन्नड वचनाची, म्हणजे भक्तिपर रचनेची, चाल इतक्या संथपणे वाजवली होती की नाचणारी मुलेसुद्धा बाजूला होऊन थांबली. महिन्याभराने शूटिंगवाल्याकडून जे तयार होऊन आले त्यात तो प्रसंग होता, वादकाचा चेहरा जवळून घेतलेला होता, आणि त्यावर एक गाजलेले चित्रपटगीत चिकटवलेले होते. बोटे एका चालीवर फिरतात आणि कानावर दुसरेच गाणे पडते, हे पाहून मला फार वाईट वाटले. मूळ आवाज मागितला तेव्हा तो पुसून टाकल्याचे सांगण्यात आले. गिऱ्हाइकाला हेच आवडते, असे त्यावर उत्तर मिळाले, आणि बहुतेक घरांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण मूळ आवाज वेगळा जपून ठेवायला शूटिंगवाल्याला फारसा खर्च येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

हिंडते-फिरते चित्रण ही काही आजची गोष्ट नाही. सावे दादा म्हणून ओळखल्या गेलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. त्या काळी चित्राबरोबर आवाज टिपता येत नव्हता. चित्र आणि आवाज एकत्र घेणारा, एका माणसाला खांद्यावर वाहून नेता येईल असा सोनीचा पोर्टापॅक हा व्हिडिओ रेकॉर्डर १९६७ साली आला, तोही कृष्णधवल आणि चांगलाच वजनदार. पुढे कॅसेटचे कॅमेरे आले आणि घरोघरच्या लग्नांत पोहोचले, पण त्यांत भर राहिला तो चित्रावर. बँडच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल २००९ साली झाला, जेव्हा झूम या जपानी कंपनीचा क्यू३ नावाचा छोटा रेकॉर्डर आला. त्याचे चित्र अवघे ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, त्या काळाच्या मानानेही बेताचेच होते. आवाज मात्र २४ बिटपर्यंत, म्हणजे सीडीच्या १६ बिटांहून वरच्या दर्जाचा. वादन टिपणाऱ्यांसाठी आवाज आधी आणि चित्र मागून, असा तो उलटा विचार होता. आज त्याच जातीच्या रेकॉर्डरांचे चित्रही उत्तम झाले आहे. यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. डोक्यावर दोन खरे मायक्रोफोन, आवाजाची पातळी हाताने ठरवण्याची सोय आणि बाहेरून आवाज घेण्याची जागा या तीन गोष्टी असल्या की झाले.

यंत्र हाती आल्यावरही वादन आपोआप नीट टिपले जात नाही, आणि याच बाबतीत आपल्याकडे फारसे बोलले जात नाही म्हणून मी येथे थोडा रेंगाळतो. पहिली गोष्ट पातळीची. रेकॉर्डरवर आवाजाची जी पट्टी हलताना दिसते तिच्या टोकाला शून्य असते आणि त्याच्या पलीकडे काही नसते. तेथे आदळलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कोणालाही पूर्ववत शिवता येत नाही. म्हणून आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद करावी, पथकाला सर्वांत जोराचा तुकडा आधी एकदा वाजवायला सांगावा, आणि त्या वेळी पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावून मग तिला हात लावू नये. प्रत्यक्ष वादनात उत्साह चढला की वादक तालमीपेक्षा मोठे वाजवतात, तेव्हा ही मोकळी जागा कामी येते. आवाज थोडा बारीक आला तर २४ बिटांच्या मुद्रणात तो नंतर वाढवता येतो. काही नव्या रेकॉर्डरांत ३२ बिट फ्लोट नावाची पद्धत असते आणि तिच्यात पातळी चुकण्याची भीती बरीच कमी होते. तरी मायक्रोफोनच्या सोसण्याला मर्यादा असतेच, त्यामुळे ढोलाच्या तोंडाशी यंत्र नेऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट जागेची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त विचार हिचाच करावा लागतो. ट्रम्पेटचा तीक्ष्ण आवाज त्याच्या तोंडाच्या रोखाने सरळ पुढे जातो. त्या रोखात रेकॉर्डर धरला तर बाकी सगळे त्याखाली दबते. क्लॅरनेटचा आवाज नळीच्या छिद्रांतूनही फाकतो, त्यामुळे तो समोरून जरा तिरके उभे राहून चार-पाच मीटरांवरून घेतला तर भरदार येतो. ढोलाचा आवाज चहूकडे सारखाच पसरतो आणि तो कोठूनही येणारच, त्याच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. सारांश, आपण ज्यांच्यासाठी टिपत आहोत त्या सुरांच्या बाजूला उभे राहावे. रेकॉर्डर छातीशी धरला तर नाचणाऱ्यांची अंगे मध्ये येतात, म्हणून तो एका काठीवर लावून माणसांच्या डोक्यांवर न्यावा. हातात नुसता धरून चालल्यास बोटांची चाळवाचाळवसुद्धा आवाजात उतरते, आणि मोकळ्या चौकात वारा सुटला तर सगळे मुद्रण फरफरते. मायक्रोफोनवर केसाळ कापडाची टोपी घातली की ती फरफर पुष्कळ कमी होते.

अरुंद पेठेतील वरातीसाठी मला सर्वांत चांगली जागा आढळली ती पहिल्या मजल्यावरील गॅलरीची. रेकॉर्डरवरचे दोन मायक्रोफोन एकमेकांकडे कोनात वळवलेले असतात, त्यामुळे डावीकडून येणारे आणि उजवीकडे जाणारे पथक कानांनाही तसेच सरकताना ऐकू येते. आधी दुरून नुसता ढोल, मग ताशा, मग वळणावरून एकदम उघडा झालेला ट्रम्पेट, खिडकीखाली आल्यावर सगळ्या वाद्यांचा एकत्र भरणा, आणि पुढे जाताना सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळणारा पुन्हा ढोलच. बँड रस्त्यावरून जाणे म्हणजे काय, हे पुढच्या पिढीला या एका चित्रणातून कळेल. मात्र चालीचा बारकावा शिकण्यासाठी हे मुद्रण पुरेसे नसते. त्यासाठी पथकाच्या सरावाच्या खोलीत बसून एकेक चाल सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये न थांबता घ्यावी, कॅमेरा हलवू नये, वादकाची बोटे आणि तोंड चौकटीत राहतील असे पाहावे, आणि वादनाच्या आधीची व नंतरची थोडी शांतताही राहू द्यावी. वादक क्लॅरनेटच्या तोंडाशी असलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, जिभेवर ओली करतो, दोन सूर तपासतो, बँडमास्तर पायाने ठेका धरून नुसती मान हलवतो आणि सगळे एकदम उठतात. शिकणाऱ्या मुलाला यातले काहीही अनावश्यक नाही.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम टिपताना अडचणी वेगळ्या असतात. तेथे आपण वाद्ये ऐकत नसून बहुतांशी ध्वनिक्षेपक ऐकत असतो, त्यामुळे एका बाजूच्या खोक्याजवळ बसून केलेले मुद्रण एकांगी होते. सभागृहाच्या मधल्या रेषेवर, रंगमंचापासून फार लांब न जाता जागा घ्यावी. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे ३५ मीटर मागे बसलेल्याला तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो, आणि एवढ्या फरकाने ड्रमवर पडलेली काठी व तिचा ठोका चित्रणात चक्क वेगवेगळे दिसतात. ध्वनियोजना करणाऱ्याला विनंती केल्यास तो मिक्सरमधून थेट वायर देतो. ती घेताना रेकॉर्डरची आवाज घेण्याची जागा मायक्रोफोनच्या पातळीवर आहे की लाइनच्या, म्हणजे यंत्रातून येणाऱ्या जोरकस आवाजाच्या, हे आधी पाहावे, कारण मिक्सरचा जोरकस आवाज मायक्रोफोनच्या पातळीवर घेतला की तो पहिल्या क्षणापासून फाटतो. या वायरीतून गायक अगदी स्वच्छ येतो, पण टाळ्या, सभागृहाचा श्वास आणि रंगमंचावर मुळातच मोठ्याने वाजणारा ड्रम पातळ होतो. म्हणून रेकॉर्डरचे स्वतःचे मायक्रोफोनही चालू ठेवून दोन्ही नंतर एकत्र करावेत. आणि हो, उभ्या केलेल्या तिपाईमुळे मागच्या प्रेक्षकाला रंगमंच दिसेनासा होत असेल तर ती तेथून हलवावी. तिकीट काढून आलेल्या माणसाचा हक्क आधी.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण चित्रणात पट्टे सरकतात. रेकॉर्डरमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय निवडावा आणि शटरचा वेग ठरवता येत असेल तर तो एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवावा. रंगीत झोतांत चेहरे पांढरे फटक पडत असतील तर प्रकाशाची मात्रा चेहऱ्यावर ठरवून कायम करावी. या यंत्रांना सहसा दूरचे जवळ आणणारे भिंग नसते, त्यामुळे आपणच जवळ जावे लागते, आणि आवाजासाठीही तेच हिताचे असते.

साठवणुकीचा हिशेब बहुतेकांना वाटतो तसा नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन मायक्रोफोन असा कोठेही न दाबलेला आवाज तासाला साधारण एक जीबी जागा घेतो. उत्तम प्रतीचे चित्र सेकंदाला २४ मेगाबिट धरले तर तासाला दहा-अकरा जीबी घेते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दोन्ही मिळून पाच तासांहून थोडे अधिक मावते. जागा अपुरी पडू लागली की लोक आवाजाचा दर्जा कमी करतात. वाचवायचेच असेल तर चित्रात वाचवावे, कारण आवाज कमी करून हाती काहीच लागत नाही. काही यंत्रे ४ जीबी झाले की नवी फाइल सुरू करतात, तेव्हा तुकडे जोडल्यानंतरही मूळ फाइली पुसू नयेत. बॅटरी मिरवणुकीइतकी टिकत नाही, सोबत पॉवर बँक लागतेच. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे यंत्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवणे म्हणजे ते गमावणेच.

आता परवानगीविषयी, कारण बँडवाल्यांशी बोलताना त्यांची खरी शंका येथे निघते. आपले वादन कोणीतरी इंटरनेटवर टाकून पैसे मिळवील, आपली चाल दुसरे पथक उचलील, आणि फुकट ऐकायला मिळाले तर सुपारी कोण देणार, अशी भीती त्यांना वाटते. ती अनाठायी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. प्रताधिकार कायदा १९५७ ने वादकाला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. कलम ३८ नुसार हा हक्क ५० वर्षे टिकतो, आणि कायद्यातील सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर कसरत करणारे आणि गारुडीसुद्धा येतात, त्यामुळे रस्त्यावर वाजवणारा माणूस त्यातून सुटत नाही. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा हक्कभंग होत नाही. ते लोकांपुढे मांडायचे झाले तर वादकाची संमती घेतलीच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादरकर्ता म्हणून आपले नाव दिले जावे, असा आग्रह धरण्याचा हक्कही वादकाला मिळाला आहे. शिवाय चाल चित्रपटातील असेल तर तिच्या मूळ हक्कदारांचा दावा येऊ शकतो, हेही टाकणाऱ्याने लक्षात घ्यावे. माझा स्वतःचा नियम असा आहे की टिपण्याआधी बँडमास्तरला विचारायचे, टिपल्यानंतर संपूर्ण मुद्रणाची प्रत पथकाला विनामूल्य द्यायची, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय ते कोणालाही पाठवायचे नाही. ही प्रत मिळाली की शंका बऱ्याच मावळतात. पुष्कळ पथकांनी आपले वादन बाहेरून, श्रोत्याच्या जागेवरून कधी ऐकलेलेच नसते. युफोनियम हे जाड सुराचे पितळी वाद्य वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी आपला सूर गर्दीतही वेगळा ऐकू येतो हे प्रथमच ऐकले, आणि ती ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा मागे नेऊन लावली.

प्रत्येक मुद्रणाबरोबर तारीख, ठिकाण, पथकाचे नाव, प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य, आणि वाजवलेल्या चालींची नावे लिहून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. बँडच्या गणवेशात वीस माणसे एकसारखी दिसतात, आणि काही वर्षांनी कोण कोणता हे त्यांच्या घरच्यांशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

जुन्या कॅसेटींबद्दल मात्र तातडीने बोलावे लागेल. १९८० आणि १९९० च्या दशकांतील लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आजही अनेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत. त्यांतील ज्यांच्यावर गाणी चिकटवलेली नाहीत त्यांत त्या काळातील आपल्या पथकांचे वादन आहे, आणि त्यांतील काही वादक आज हयात नाहीत. चुंबकीय फीत दमटपणाने बुरशी धरते, तिचा थर सुटतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता नवी मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. त्यामुळे ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांनी त्यांची प्रत संगणकावर करून घ्यावी, बुरशी दिसत असल्यास घरच्या यंत्रात घालून न पाहता जाणकाराकडे न्यावी, आणि प्रत करणाऱ्याला आवाज ‘साफ’ करू नका असे स्पष्ट सांगावे.

याबाबत माझी काही मागणी आहे. सार्वजनिक मंडळांनी ध्वनियंत्रणेवर जो खर्च होतो त्यातील अगदी लहानसा भाग काढून, चार-पाच मंडळांत मिळून का होईना, एक रेकॉर्डर घ्यावा आणि आपल्या मिरवणुकीत वाजणाऱ्या पथकाचे व लेझमीच्या ताफ्याचे पूर्ण मुद्रण करून ठेवावे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेने पुस्तकांप्रमाणेच अशी मुद्रणे स्वीकारून, यादी करून, ती संस्थेत बसून ऐकण्याची सोय करावी. आपल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेक पथक वाटून देता येईल. अध्यापन-संशोधनाची कायद्यातील सवलत त्यांना आहेच. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राकडे आवाज टिपण्याचे ज्ञान आहे, आणि केंद्रातील जाणकारांनी मंडळांच्या कार्यकर्त्यांना एखादी दुपार शिकवले तरी पुष्कळ काम होईल. शूटिंगवाल्यांना माझे सांगणे इतकेच की गाणे खुशाल लावा, पण वरातीचा मूळ आवाज वेगळ्या फाइलमध्ये घरच्यांना द्या. आणि लग्नघरच्यांनी बयाणा देतानाच ही अट सांगावी.

ज्या पथकांना आपल्या चाली टिपून हव्या असतील त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. माझा पत्ता मी या पत्रासोबत संपादकांकडे दिला आहे. रेकॉर्डर, तिपाई आणि वेळ यांसाठी पथकाकडून काहीही घेणार नाही. लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, सरावाच्या खोलीत हे काम सर्वांत चांगले होते, म्हणून त्याआधी निरोप मिळाला तर बरे पडेल.

आपला नम्र,
एक संगीतप्रेमी वाचक,
सोलापूर